आईवडिलांच्या घरबदलासाठी घेतलेली सेवा: पाहणी उत्तम, शिफारशी जपून घ्याव्यात

वयस्कर आईवडिलांना जिन्यांच्या, मोठ्या आणि आता न झेपणाऱ्या घरातून सोयीच्या घरात नेण्याचे काम करणाऱ्या व्यावसायिक संस्था गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. नेहमीच्या सामानवाहतुकीपेक्षा त्यांचे काम बरेच आधी सुरू होते आणि बरेच नंतर संपते. वृद्धांच्या गरजांची पाहणी करणे, त्यानुसार घरे सुचवणे, जुन्या घरातल्या वस्तूंची वर्गवारी करणे, सामान हलवणे आणि नव्या घरात ते लावून देणे, असे सगळे टप्पे त्यात येतात. आम्ही भावंडांनी आईबाबांसाठी अशाच एका संस्थेची पूर्ण सेवा घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गोष्टींबद्दल तक्रार आहे त्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणातून नव्हे, तर या व्यवसायाच्या रचनेतून येतात आणि अन्यत्रही आढळण्याचा संभव आहे. आमचे मत थोडक्यात असे झाले की ही मंडळी मोजमाप करतात तेव्हा त्यांच्याइतके उपयोगी कोणी नाही, आणि घर सुचवू लागतात तेव्हा मात्र त्यांच्याकडे ग्राहकाच्या नजरेनेच पाहावे.

पाहणीसाठी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञ, घरी आल्या. त्यांनी पहिल्यापासून सगळे प्रश्न आईला आणि बाबांना विचारले, आम्हाला नाही. सवयीने आमच्यापैकी कोणी बाबांच्या वतीने उत्तर देऊ लागले की त्या शांतपणे म्हणत, “हे त्यांनाच सांगू द्या.” एवढ्या एका वाक्याने घरातल्या चर्चेचा सूर बदलला. तोवर घरबदल हा मुलांनी ठरवलेला आणि आईबाबांनी सहन करायचा विषय होता. त्या दिवसापासून बाबा स्वतःच अडचणी सांगू लागले, आणि त्यांतल्या काही आम्हाला मुळीच माहीत नव्हत्या.

पाहणीला शास्त्रीय बैठक होती. रोजच्या स्वावलंबनाचे मोजमाप करण्यासाठी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सूची जगभर वापरली जाते. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठबस, मलमूत्रावरचे नियंत्रण आणि जेवणे अशा सहा मूलभूत क्रिया तीत येतात. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या दुसऱ्या सूचीत फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार ही आठ कामे आहेत. थेरपिस्टनी दोन्ही सूच्या आईसाठी आणि बाबांसाठी वेगवेगळ्या भरल्या, आणि तेथे एक गोष्ट लख्ख दिसली. पहिल्या सूचीत आई पूर्ण स्वावलंबी होती, परंतु दुसऱ्या सूचीतली औषधे आणि हिशेब तिच्या हातून निसटू लागले होते. बाबांचे नेमके उलट होते. हिशेब आणि दोघांच्याही गोळ्या ते चोख सांभाळत होते, पण अंघोळीत आणि खुर्चीवरून उठताना त्यांना आईचा हात लागत होता. दोघे मिळून घर उत्तम चालवत असल्यामुळे बाहेरून सगळे सुरळीत दिसत होते. दोघांपैकी एकाला चार दिवस रुग्णालयात राहावे लागले असते, तर दुसऱ्याचे अडले असते. अहवालात त्यांनी हे स्पष्ट लिहिले, आणि घर निवडताना दोघांची बेरीज न करता प्रत्येकजण एकटा असेल तेव्हाचा विचार करावा, अशी सूचना केली. माझ्या मते पूर्ण सेवेच्या शुल्कातला मोठा वाटा या एका परिच्छेदाने वसूल झाला.

त्यानंतर त्यांनी खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, ही साधी चाचणी घेतली. त्यासाठी बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका गृहीत धरतात. बाबांना स्पष्टपणे जास्त वेळ लागला. ही काळजी अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. मात्र आकड्यांपेक्षा थेरपिस्टची नजर मला अधिक मोलाची वाटली. बाथरूमच्या दाराच्या चौकटीवर, साधारण कमरेच्या वर, रंग हाताच्या तळव्याएवढा काळवंडला होता, आणि आत टॉवेलची दांडी भिंतीपासून किंचित सुटली होती. आम्ही ते डाग वर्षानुवर्षे पाहत होतो आणि घराला रंग द्यायला हवा एवढेच म्हणत होतो. त्यांनी मात्र तेथेच टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजली आणि सांगितले की बाबांना आधार कोठे लागतो हे चौकटीवरच लिहिलेले आहे. नव्या घरात आधारदांडी कोणत्याही ठरीव ठिकाणी न बसवता दारापासून इतक्याच अंतरावर आणि इतक्याच उंचीवर बसवावी. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेली नसते, तर आधारदांडीने शंभर किलोंहून अधिक भार सहन केला पाहिजे आणि ती भक्कम भिंतीतच रोवलेली असली पाहिजे, हेही त्यांनी लिहून दिले. शेवटी त्यांनी संध्याकाळी दिवे मालवून बाबांना पलंगापासून बाथरूमपर्यंत चालायला सांगितले. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, हे तेव्हा आम्हाला कळले. बाबांना दिव्याचे बटण सापडत नव्हते, म्हणून ते रात्री दिवा न लावताच जात होते.

अहवालात नव्या घरासाठीची मापे होती. दाराची मोकळी रुंदी किमान ८० आणि शक्यतो ९० सेंटिमीटर हवी. पुढेमागे चाकाची खुर्ची लागलीच, तर ती वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा हवी. कमोडची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटिमीटर असावी. उतार एकास बारा या प्रमाणाहून तीव्र नसावा, म्हणजे प्रवेशाशी केवळ १५ सेंटिमीटरची पायरी असली तरी उतारासाठी १८० सेंटिमीटर लांबी लागते. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारे दार अडते आणि मदत पोहोचत नाही. एक-दोन सेंटिमीटरचा उंबरठा मोठ्या पायरीपेक्षा धोक्याचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

एवढा नेमका अहवाल देणाऱ्या संस्थेने सुचवलेली घरे पाहून आम्ही चकित झालो. त्यांतली बहुतेक घरे सर्व सोयी जागेवर पुरवणाऱ्या निवासी संकुलांतली होती. माहितीपत्रकात तरणतलाव आणि व्यायामशाळा ठळक होती, पण प्रत्यक्षात बाथरूमचे दार आत उघडणारे आणि टेप लावल्यावर ७० सेंटिमीटरचे भरले. संस्थेच्या स्वतःच्याच अहवालात ही अट पहिल्या पानावर होती. समन्वयकांना थेट विचारल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले की घर पसंत पडल्यास संकुलाकडून संस्थेला मोबदला मिळतो. करारनाम्याच्या मागील पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलेही होते. यात बेकायदा काही नाही, पण ज्याच्या सल्ल्यासाठी आपण पैसे मोजतो तोच समोरच्या बाजूकडूनही पैसे घेत असेल, तर ते पहिल्या भेटीतच तोंडी सांगायला हवे होते.

शिवाय सुचवलेल्या घरांचा सूरच बाबांच्या अडचणींवर बेतलेला होता, आईच्या क्षमतेवर नव्हे. वार्धक्य आणि परिसर यांच्या नात्याबद्दल लॉटन आणि नाहेमॉव यांनी १९७३ मध्ये जो विचार मांडला, त्याचा गाभा असा आहे की परिसराने माणसाकडून झेपेल एवढे मागावे. फार मागितले तर माणूस कोलमडतो आणि काहीच मागितले नाही तरी त्याच्या उरलेल्या क्षमता गंजतात. आई रोज पायी बाहेर पडते, स्वतः खरेदी करते आणि चार माणसांशी बोलून परत येते. कुंपणाच्या आत सगळे हातात आणून देणाऱ्या ठिकाणी तिची दुसरी सूची सहा महिन्यांत कोरी झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्नेही शहरांबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तीत घराच्या बरोबरीने मोकळ्या जागा, वाहतूक आणि सामाजिक सहभाग यांनाही स्थान दिले आहे, ते उगीच नाही. शेवटी आम्ही संस्थेची यादी बाजूला ठेवली, अहवाल आणि टेप बरोबर घेतली आणि स्वतः घरे पाहिली. आईने प्रत्येक ठिकाणी घरात शिरण्याआधी दुकानांपर्यंतचा पदपथ चालून पाहिला, आणि एक अगदी देखणे घर केवळ मधला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून नाकारले. बाबांनी मात्र प्रत्येक लिफ्टजवळ एकच चौकशी केली, ती म्हणजे वीज गेल्यावर काय होते. दोघांच्याही कसोट्या आमच्यापेक्षा कडक होत्या.

वस्तूंच्या वर्गवारीत संस्था पुन्हा आपल्या मूळ गुणांवर आली. सुरुवात औषधांच्या कपाटापासून केली, कारण मुदत संपलेल्या गोळ्यांवर कोणाचा जीव नसतो आणि निर्णय घेण्याचा हात बसतो; छायाचित्रे आणि पत्रे अगदी शेवटी काढली. “काय टाकायचे?” असा प्रश्न त्यांच्या माणसांनी एकदाही विचारला नाही, प्रत्येक वस्तूला “नव्या घरात ही कोठे ठेवूया?” असेच विचारले. नव्या घराचा आराखडा त्यांनी एकास वीस या प्रमाणात कागदावर काढून दिला आणि प्रत्येक फर्निचरचा त्याच मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून आणला. दोन मीटर लांबीचा पलंग दहा सेंटिमीटरचा झाला. बाबा ते तुकडे सरकवत बसायचे, आणि पुस्तकांचे दुसरे कपाट ठेवल्यावर बाथरूमची वाट अडते हे त्यांनी स्वतःच आम्हाला दाखवले. त्या कपाटावरून घरात आधी दोनदा कडाक्याचे वाद झाले होते. पुठ्ठ्याच्या तुकड्याने ते चर्चेविना मिटवले. एखाद्याला पूर्ण सेवा परवडत नसेल, तर निदान एवढी युक्ती घरच्या घरी जरूर करावी.

प्रत्यक्ष सामान हलवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. काम वेळेत झाले, काही फुटले नाही. औषधे, चष्मे, श्रवणयंत्र आणि मालकी हक्काची कागदपत्रे एका वेगळ्या पिशवीत आईबाबांच्या हातीच राहिली, ट्रकमध्ये गेली नाहीत, ही चांगली शिस्त.

सामान लावण्याच्या टप्प्यावर मात्र पुन्हा निराशा झाली. पलंगाशेजारचे टेबल, त्यावरचा दिवा, घड्याळ आणि चष्म्याची जागा जुन्या घरातल्या छायाचित्राबरहुकूम लावली होती, आणि पहिल्या रात्री बाबांना त्याचा फार उपयोग झाला. पण स्वयंपाकघरात रोजची जड भांडी वरच्या फळीवर गेली. खांद्याच्या वर आणि कमरेच्या खाली रोजची वस्तू ठेवू नये, असे अहवालात लिहिले होते. तो अहवाल सामान लावणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यांनी त्यांच्या अंदाजाने नीटनेटके लावले आणि दुसऱ्या दिवशी आईला स्टुलावर चढलेले पाहून आमची धांदल उडाली. प्रत्येक टप्प्यावर वेगळी माणसे आणि मधे निरोप देणारे कोणी नाही, हा या संस्थेचा सर्वांत मोठा दोष होय. तक्रार केल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त करून माणूस पाठवला, एवढे नमूद केले पाहिजे.

एक मर्यादा संस्थेने स्वतःहून सांगायला हवी होती. स्थलांतरामुळे येणाऱ्या ताणाची नोंद परिचर्याशास्त्राच्या (नर्सिंगच्या) अधिकृत निदानसूचीत १९९२ पासून आहे. झोप उडणे, गोंधळणे, एकटे वाटणे, भूक कमी होणे ही त्याची लक्षणे घर कितीही सोयीचे असले तरी दिसू शकतात. आईला पहिले काही आठवडे संध्याकाळ झाली की अस्वस्थ वाटत असे, आणि तो ताण ओळखायला संस्थेकडे कोणी नव्हते. आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. ज्यांच्या आईवडिलांना स्मृतिभ्रंश झाला आहे, त्यांनी तर या सेवेवर विसंबून न राहता आधी वैद्यकीय सल्लाच घ्यावा.

टप्प्याटप्प्याने सेवा घेण्याची सोय असेल तर पाहणी आणि वर्गवारी अवश्य घ्यावी, घरे सुचवण्याचा टप्पा वगळावा, आणि सामान लावण्याच्या दिवशी घरातल्या एकाने अहवालाची प्रत हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहावे. करारावर सही करण्यापूर्वी संस्थेला कोणाकोणाकडून मोबदला मिळतो ते लेखी मागावे, आणि पाहणी करणारी व्यक्तीच नव्या घरात एकदा येऊन जाईल अशी अट घालून घ्यावी. आमच्या करारात ती अट नव्हती. विनंती केल्यावर थेरपिस्ट आल्या, त्यांनी बाथरूममधली दांडी चार सेंटिमीटर खाली घ्यायला लावली आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारले, जे आम्ही तक्रार न करता दिले.