मधुमेहींची स्वायत्त मज्जासंस्था तपासणी: चाचणी नेटकी, अहवाल अपुरा

वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. स्वस्थ बसलेले असतानाही त्यांच्या नाडीचे ठोके नव्वदच्या पुढे असतात आणि ईसीजी मात्र दर वेळी नॉर्मल येतो, म्हणून डॉक्टरांनी स्वायत्त मज्जासंस्थेची, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंची, तपासणी सुचवली आणि आम्ही ती पुण्यातील एका खासगी केंद्रात करून घेतली.

हृदयाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देते. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नर्व्ह (मज्जातंतू) त्याला आवरून धरते, म्हणून विश्रांतीत नाडी सत्तरच्या आसपास राहते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने लांब मज्जातंतू आधी खराब होतात आणि व्हेगस लांब असल्यामुळे तिचा ताबा बहुधा प्रथम सुटतो. पुढे उभे राहताच रक्तदाब घसरणे, इतकेच नव्हे तर छातीत न दुखताच हृदयविकाराचा झटका येणे, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. साध्या ईसीजीवरून यातले फारसे कळत नाही.

एडिंबरोच्या ईविंग आणि क्लार्क या डॉक्टरांनी रूढ केलेल्या पाच चाचण्या या केंद्रात होतात. मिनिटाला सहा या संथ लयीत दीर्घ श्वसन करायचे असते. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात, आणि हा फरक १५ किंवा अधिक असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर बिघाड मानतात. वडिलांचा ७ आला. तंत्रज्ञ बाईंनी हातवाऱ्यांनी लय सांभाळून घेतली, घाई अजिबात केली नाही. नळीत १५ सेकंद जोर लावून फुंकण्याच्या चाचणीआधी त्यांनी डोळ्यांच्या पडद्याविषयी आठवणीने विचारले, कारण पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर त्या जोराने रक्तस्राव होऊ शकतो. एवढी दक्षता मी इतरत्र क्वचित पाहिली आहे.

पूर्वसूचनांच्या बाबतीत मात्र आनंदच आहे. चहा, कॉफी, तंबाखू टाळायची, आणि ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असल्यास तिच्याविषयी आधी डॉक्टरांना विचारायचे (ती परस्पर बंद करणे धोक्याचे), यातले फोनवर काहीच सांगितले गेले नाही. वडील चहा घेऊन गेले होते, त्यामुळे बाईंनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. हेलपाटा पडला, पण त्यांचा निर्णय योग्यच होता.

अहवालातील रंगीत आलेख देखणे आहेत. तथापि, श्वासाबरोबर होणारा ठोक्यांचा चढउतार वयानुसार कमी होत जातो, हे लक्षात न घेता सर्व वयांसाठी एकच मर्यादा छापलेली आहे, आणि चालू औषधांची नोंद कुठेही नाही. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब पाहायला हवा. येथे तो एकदाच, तोही उभे राहिल्याबरोबर मोजला गेला.

दीर्घकाळ मधुमेह असून नाडी सतत जलद राहणाऱ्यांनी किंवा उठताना चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी अवश्य करावी, आणि या केंद्रात करायची असेल तर औषधांची यादी स्वतः न्यावी व रक्तदाब पुन्हा मोजण्याचा आग्रह धरावा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी वडिलांच्या भूलतज्ज्ञांनी हाच अहवाल मागवला, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी उभे राहिल्यानंतरच्या रक्तदाबाचे आकडे शोधले. ते अपुरे असल्यामुळे रक्तदाब त्यांना स्वतःच पुन्हा मोजावा लागला.