जुन्या जिप्सीचे चॅसिस व इंजिन नंबर तपासून घेण्याचा अनुभव

१९९८ सालची मारुतीची जिप्सी किंग घेण्याचे जवळपास ठरल्यावर तिचे चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून पाहावेत, म्हणून मी पुण्यातील एका स्वतंत्र तपासनिसाला बोलावले. त्यांचे शुल्क २,५०० रुपये होते आणि विक्रेत्याकडून आपण एक पैसाही घेत नाही, हे त्यांनी फोनवरच स्पष्ट केले.

चॅसिस नंबर दिसू लागेपर्यंतच अर्धा तास गेला, कारण त्या जागेवर ग्रीस, चिखल आणि गंज लागू नये म्हणून मारलेल्या काळ्या रंगाचे थर चढले होते. तारेच्या ब्रशने आकड्यांच्या कडा झिजतात, म्हणून त्यांनी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो भाग सावकाश पुसला, पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली आणि उमटलेला ठसा आरसीशेजारी ठेवला. आकडे एका रेषेत व सारख्याच खोलीचे होते, आसपास ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंगचा सांधा नव्हता. मात्र आरसीवर जिथे ३ होता, तिथे ठशात ८ होता. मालकाने कपाटातून शोधून आणलेल्या जुन्या आरसी पुस्तकातही ८ च निघाला, म्हणजे चूक आरसीचे आताचे स्मार्ट कार्ड तयार होताना झालेली असणार. त्या गाडीच्या नोंदणीचे २०१३, २०१८ आणि २०२३ असे तीनदा नूतनीकरण झाले होते, तरी ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती!

इंजिन नंबरची सुरुवात जी१३बीए अशी होती आणि तो आरसीशी तंतोतंत जुळला. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन सोडणाऱ्या, नंतरच्या जिप्सीचे १६ व्हॉल्व्हचे इंजिन जी१३बीबी असते, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत ते बसवून घेणारे हौशी लोक त्याची नोंद करतातच असे नाही; म्हणून ही अक्षरेही पाहावी लागतात.

तक्रारीला जागा आहे. दोन दिवसांत मिळणारा अहवाल पाचव्या दिवशी आला, आणि ज्या ठशावर सारे अवलंबून होते, त्याचाच फोटो धूसर होता. कर्जाचा बोजा व थकलेली चलने ते पाहत नाहीत. ती मीच तपासली.

विक्रेत्याने आरटीओतून आरसी दुरुस्त करून आणल्यावरच मी मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० चे काम पूर्ण केले आणि उरलेली रक्कम दिली.