हाताने घडवलेले शिकारी भाले: तोल झकास, टोक बेकार

एका कारागिराने घडवलेले दोन भाले वापरून पाहिले, आधी निकाल सांगते. या जोडीतला लाकडी भाला घ्यायचा असेल तर टोक स्वतः पुन्हा घडवायची तयारी ठेवा. रानडुकराचा भाला मात्र बिनधास्त घ्या, फक्त तो फेकायचा नसतो एवढं लक्षात असू द्या.

मी भालाफेक करायचे, आता मुलींना शिकवते. त्यामुळे कुठलाही भाला हातात आला की दिसतो कसा हे नंतर, आधी बोटावर आडवा ठेवून तोल बघायचा ही सवयच आहे. पहिला भाला अख्खा लाकडाचा आहे. जर्मनीत शोनिंगनच्या कोळशाच्या खाणीत १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ हार्टमुट टीमे यांच्या पथकाला जे भाले सापडले, त्यांच्यावरून बेतलेला. ते मूळ भाले पाणथळ गाळात हवेवाचून दबून राहिले म्हणून टिकले, आणि आसपास घोड्यांच्या हाडांचा खच होता. लांबी साधारण १.८४ ते २.५३ मीटर. बहुतेक स्प्रूसच्या लाकडाचे, एक पाइनचा.

तोलाला पैकीच्या पैकी. कारागिराने कोवळं झाड अख्खं वापरलंय, फळीतून चिरून काढलेलं नाही. फांद्यांच्या गाठी हाताला लागतात. आणि मुख्य म्हणजे बुंध्याकडची बाजू टोकाला ठेवलीय. मूळ भाल्यांतही तसंच आहे: बुंध्याचं लाकूड जास्त घट्ट आणि जाड, ते पुढे; शेंड्याकडे निमुळतं होत जाणारं मागे. यामुळे वजन आपोआप पुढच्या भागात जातं. आमच्या महिलांच्या ६०० ग्रॅमच्या भाल्याचा तोलबिंदू टोकापासून ८० ते ९२ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो, तोही मध्याच्या पुढेच. पुरुषांच्या भाल्याची तर गंमतच आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली, मैदान अपुरं पडायची वेळ आली, तेव्हा १९८६ पासून तोलबिंदू पुढे सरकवला गेला. आता भाला लवकर खाली वळतो आणि टोकावर पडतो. शिकाऱ्याला पहिल्यापासून हेच हवं होतं. जनावराला आडवा भाला लागून काय उपयोग!

वजनाला हा आमच्या भाल्यापेक्षा भरतो. पहिल्या फेकीला खांद्याने कुरकुर केली, नंतर अंदाज आला. हवेत तो किंचित थरथरतो, पण सरळ जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ॲनेमीके मिल्क्स आणि सहकाऱ्यांनी शोनिंगनसारखे ७६० आणि ८०० ग्रॅमचे भाले भालाफेकीच्या खेळाडूंच्या हाती दिले होते. तोवर असे भाले फार तर दहा मीटरपर्यंत उपयोगाचे, असा समज होता. या खेळाडूंनी वीस मीटरवरचं लक्ष्यही टिपलं, नेम बरेचदा चुकला तरी. मला यात नवल वाटत नाही. तोवर हे प्रयोग बहुतेक न शिकलेल्या हातांवर झाले होते, आणि न शिकलेल्या हातात तर आमचा कार्बनचा भालाही धड उडत नाही.

आता टोक. इथे कारागिराने घात केलाय. टोक काळं भाजून, वर पॉलिश मारून पाठवलंय. दिसायला आदिम वगैरे, पण माझ्या सरावाच्या जमिनीत दोनचारदा रुतल्यावर त्याचे तुकडे गळायला लागले. भाजल्याने लाकूड पोलादासारखं होतं, असं सगळेच ऐकत आलेत. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात उलट दिसलं: पृष्ठभाग थोडा कडक होतो खरा, पण लाकूड बरंच कमकुवत आणि ठिसूळ होतं. तासायला सोपं जावं म्हणून भाजत असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक त्याहून मोठी. झाडाचा मधला गाभा मऊ असतो. शोनिंगनच्या कारागिरांनी टोक काढताना ते मुद्दाम मध्यापासून बाजूला घेतलंय, म्हणजे अणी गाभ्यात न येता घट्ट लाकडात येते. आमच्या या महाशयांनी अणी बरोब्बर मध्यावर काढलीय! जळका भाग उडवल्यावर गाभ्याचा ठिपका टोकावर स्पष्ट दिसतो. मी रंधा आणि चाकूने टोक पुन्हा एका अंगाला काढलं, पॉलिश घासून टाकलं (घामाच्या हातातून तो गुळगुळीत दांडा सटकत होता) आणि जवसाचं तेल चोळलं. आता पेंढ्याच्या गठ्ठ्यात असा घुसतो की काढताना पाय लावावा लागतो.

दुसरा भाला युरोपात रानडुकरासाठी वापरायचे तसा आहे. रुंद पोलादी पातं, दांडा बसतो त्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना आडवे पंख, ॲशच्या लाकडाचा जाड दांडा. पंख शोभेचे नाहीत. भोसकलेलं डुक्कर थांबत नाही, तसंच दांड्यावरून पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत येतं, आणि सुळे समोर असतात. पंखांवर ते अडतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोननेही डुकराच्या भाल्याच्या खोबणीला मध्यावर मजबूत दात हवेत असं लिहून ठेवलंय. म्हणजे कल्पना जुनीच. दांडा खोबणीत घट्ट बसलाय, हलवलं तरी कुरकुर नाही, रिव्हेट दोन्ही बाजूंनी नीट ठोकलाय. दांड्याच्या लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) सरळ, शेवटपर्यंत कुठे बाहेर सुटत नाही. भाल्यात हीच बाब सगळ्यात आधी बघावी, रेषा सुटली की दांडा तिथेच तुटतो. पकडीवर चामड्याची पट्टी आडवीतिडवी गुंडाळून खिळ्यांनी बसवलीय, खिळ्यांची डोकी सपाट आहेत, हाताला टोचत नाहीत. पातं बोथट पाठवतात, ते बरंच आहे. तक्रार एकच: दांडा इतका जाड की माझ्या हाताला पकड पुरत नाही. लहान हाताच्यांनी आधी जाडी विचारून घ्यावी.

सोबतच्या माहितीपत्रकाने मात्र वैताग आणला. त्यात दोन्ही भाले "फेकायला आणि भोसकायला, दोन्हीला उत्तम" असं लिहिलंय. लाकडी भाल्याबद्दल ते चालेल. डुकराच्या भाल्याबद्दल मुळीच नाही. माणसाने ही दोन कामं कधीच वेगळी केली. मॅसिडोनियाचा सरिसा पाच-सहा मीटरचा, दोन्ही हातांनी धरायचा, तो फेकायचा प्रश्नच नव्हता. रोमन पिलमला पुढे लांब बारीक लोखंडी दांडी असायची: फेकला की ढालीत रुतून बसायचा, दांडी वाकायची आणि शत्रूला ढाल टाकून द्यावी लागायची. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंच्या राजा शाकाने तर लढाईसाठी आखूड दांड्याचा, लांब पात्याचा, हातातच ठेवायचा भाला चालवला. मराठ्यांच्या विट्याला, म्हणजे फेकायच्या भाल्याला, परत ओढायला दोरी असायची. प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि दांड्याची लांबी, पात्याचं वजन त्यावरून ठरलेलं. डुकराचा भाला फेकाल तर तो दगडासारखा पडेल, आणि पुढ्यात खरं डुक्कर असेल तर हात रिकामे.

माहितीपत्रकात शोनिंगनचं वय चार लाख वर्षं छापलंय. तो जुना अंदाज. पुढे तो तीन लाखांवर आला आणि २०२५ च्या अभ्यासात दोन लाखांपर्यंत खाली आलाय. इंग्लंडमधल्या क्लॅक्टनला १९११ साली सापडलेलं यू लाकडाचं तुटकं टोक मात्र चार लाखांच्या आसपासचं मानतात. कारागिराने त्यावरून भाला बनवला असता तर आकडा तरी जुळला असता.

पॅकिंग चांगलं होतं, लाकडी भाला पीव्हीसी पाइपात घालून आला, जरासुद्धा वाकलेला नव्हता. ओलसर जागी किंवा भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, आडवा ठेवा.

दोन्हींतला एकच घ्यायचा तर मी लाकडी घेईन, टोकाशी भांडण पत्करून. लाकडीला साडेतीन तारे, डुकराच्या भाल्याला साडेचार. माहितीपत्रकाला एक, तोही कागद जाड आहे म्हणून.