क्लासिक ३५० ला क्रॅश गार्ड: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, क्रॅश गार्ड (इंजिनच्या पुढे दोन्ही बाजूंना बसवतात तो वाकवलेला पाइप) हा गाडी वाचवायला असतो, पाय वाचवायला नाही, आणि गाडीसुद्धा तो उभ्या उभ्या किंवा अगदी हळू पडली तरच नीट वाचवतो. हे डोक्यात ठेवून घेतला तर पैसे वसूल आहेत. दुकानदार सांगतो तसं "काही पण होऊ द्या, तुम्हाला खरचटणार पण नाही" असं समजून घेणार असाल तर नका घेऊ.

गाडी माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, २०२१ नंतरची नव्या जे सिरीज इंजिनवाली, वजन १९५ किलो. एवढी गाडी एकदा ठराविक अँगलच्या पुढे कलली ना की कितीही दणकट माणूस असो, ती पडणारच, फक्त कशावर पडणार एवढंच आपल्या हातात असतं. गार्ड नसेल तर हँडलचं टोक, फूटरेस्ट आणि इंजिनचं कव्हर यांच्यावर भार येतो, आणि कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं, दगडावर नेमकं आपटलं तर तडा जातो, ऑइल रस्त्यावर आणि तुम्ही टेम्पोत. उजव्या बाजूला पडली तर ब्रेक पेडल आत वळून कव्हरला ठोकतं, तो खर्च वेगळाच.

आता घेताना काय बघितलं ते. पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात, गेलो तर प्रत्येक दुकानात आठ-दहा प्रकार टांगलेले, एअरफ्लाय, बटरफ्लाय, ऑक्टॅगन, ट्रॅपिझियम, आणि सगळं बोलणं दिसण्यावर. हा दादा लूक आहे, हा स्पोर्टी आहे. जाडी विचारली की समोरचा पाइपवर टिचकी मारून दाखवतो. टिचकीने काही कळत नाही हो. पाइपची भिंत किती एमएम ते विचारा, आणि कुठे उघडं टोक किंवा भोक दिसलं तर व्हर्नियर (जाडी मोजायचं मापक) लावून स्वतः बघा. सव्वा एमएमचा पाइप दिसायला तेवढाच जाड असतो पण पडल्यावर घडी पडते आणि कव्हर टेकायचं तिथे टेकतंच. मी एक इंची, दोन एमएमचा घेतला. त्याचं वजन मीटरला किलोपेक्षा थोडं जास्त भरतं, म्हणजे एवढा वळणावळणाचा अख्खा गार्ड दीड किलोचा असेल तर गणित तुम्हीच करा.

दुसरी गंमत स्टेनलेसची. दुकानदार खिशातून चुंबक काढतो, "बघा चिकटतंय का? नाही ना? मग ३०४ आहे, गंजला तर पैसे परत." ३०४ म्हणजे स्टेनलेसचा चांगला, महाग ग्रेड. आता २०२ ग्रेडच्या स्टेनलेसला पण चुंबक चिकटत नाही! त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तपकिरी ठिपके धरतो, वेल्डच्या कडेला आधी. खरंच ओळखायचं तर मँगनीज तपासायचं थेंबवालं किट मिळतं, नाहीतर बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायचं म्हटलं की अर्धे लोक ग्रेडचा विषयच सोडून देतात. मी शेवटी साधा माइल्ड स्टील, काळा पावडर कोटिंगवाला घेतला. खरचटला की घासून रंग मारता येतो, वाकला तर गावातला वेल्डरसुद्धा सरळ करतो. कंपनीचा पण बघितला होता, फिनिशिंग निःसंशय सरस, पण किंमत जवळजवळ दुप्पट.

आणि हो, फार कडक गार्ड पण चांगला नाही. बरेच जण भरीव रॉडचे बनवून घेतात, म्हणे हा वाकतच नाही. अरे पण गार्ड वाकला नाही तर तो दणका जाणार कुठे? जिथे बोल्ट आहे तिथे. म्हणजे इंजिन माउंट (इंजिन फ्रेमला जिथे धरलंय ती जागा) नाहीतर फ्रेमचा ब्रॅकेट. तीन हजाराचा गार्ड वाचवून फ्रेमचं काम काढायचं असला तो हिशोब. गार्डने थोडं वाकलंच पाहिजे, फक्त वाकून कव्हरला टेकता कामा नये, म्हणून पाइप आणि इंजिन यात किमान दोन बोटं मोकळी हवीत. रुंदी हँडलपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर लक्ष्मी रोडला संध्याकाळी गेलात की कळेल, हँडल निघतं आणि गार्ड समोरच्याच्या बंपरला अडकतो.

फिटिंग. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि कुणी त्यावर बोलत नाही. दुकानाबाहेर फुटपाथवर बसलेला पोरगा दहा मिनिटांत लावून देतो, भोक जुळत नसेल तर पायाने रेटून जुळवतो, म्हणजे गार्ड पहिल्या दिवसापासून ताणात बसलेला, मग व्हायब्रेशनने वेल्डला केसासारखी चीर पडते आणि आपण म्हणतो माल खराब होता. मी गार्ड घरी आणला आणि ओळखीच्या मेकॅनिककडे लावला. आधी सगळे बोल्ट हाताने अर्धे फिरवायचे, गार्ड हलवून मध्यात आणायचा, फट राहिली तर वॉशर घालायचा, आणि मग आळीपाळीने आवळायचे. इंजिन माउंटचा बोल्ट काढत असाल तर एका वेळी एकच, आणि खाली जॅक हवा.

बोल्टचं बघाच. गार्डसोबत पिशवीत चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट आले होते, डोक्यावर ए२-७० लिहिलेलं. गाडीचे मूळ बोल्ट काळपट, त्यावर ८.८. आता ८.८ मध्ये पहिला आकडा म्हणजे ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ला तुटणार, आणि दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, साधारण ६४० पर्यंत, ताणला तरी मूळ लांबीवर परत येणार. ए२-७० वाला तुटतो ७०० ला, पण ४५० च्या आसपासच कायमचा ताणला जातो. म्हणजे चकचकीत आहे तोच कमजोर. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून त्याच लांबीचे ८.८ आणले, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलं, मॅन्युअलमध्ये माउंटला जो टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलाय त्यावर टॉर्क रेंच लावून आवळले आणि डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या मार्करने रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, चावी न लावता कळतं. पहिल्या काही आठवड्यांत एक रेघ सरकली होती, परत आवळला, तेव्हापासून गप्प आहे. निघण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) दाबून बघा, मडगार्ड आणि गार्डमध्ये अंतर राहतंय ना.

पडली का? पडली ना. जुलैमध्ये ताम्हिणी घाटात, धबधब्याच्या गर्दीतून बाहेर पडायला यू टर्न मारत होतो, डावा पाय टेकवला तो नेमका पाण्याने भरलेल्या चरात, पाय खाली जातोय जातोय आणि गाडी माझ्या अंगावर. वेग काहीच नाही. गार्डचा खालचा बाक डांबराच्या कडेवर टेकला आणि गाडी पूर्ण आडवी न होता तिरकी थांबली, पाय मोकळा राहिला आणि उचलायलाही दोघंच पुरले, कारण अर्धी उभीच होती. नुकसान म्हणजे क्लच लिव्हरचं टोक वाकलं, गार्डचा रंग रुपयाएवढा गेला आणि दोन बोटांचं अंतर दीड बोटावर आलं. गिअर लिव्हर, कव्हर, इंडिकेटर, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरने ढकलून पाडली, उजवीकडे. ते मी बघितलं पण नाही, वॉचमनने उचलून ठेवली होती, फक्त गार्डवर पांढरे ओरखडे.

आता पायाचं. अमेरिकेत १९८१ मध्ये हर्ट रिपोर्ट म्हणून मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास आला होता, लॉस एंजलिस भागातल्या ९०० हून जास्त अपघातांचा जागेवर जाऊन केलेला. त्यात क्रॅश बारबद्दल स्पष्ट म्हटलंय की घोटा-पावलाच्या जखमा कमी होतात पण मांडी, गुडघा, नडगीच्या तेवढ्याच वाढतात, म्हणजे हिशोब बरोबरीत. म्हणून बूट आणि नी गार्ड गार्डच्या भरवशावर घरी ठेवू नका. आणि ते हायवेला गार्डवर पाय पसरून चालवणारे, त्यांना तर साष्टांग नमस्कार. मागचा ब्रेक लागलाच तर पाय कुठून आणणार आहात?

पोलीस पकडतात का हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (चारचाकीच्या पुढे लावतात ते लोखंडी बार) कारवाई करा म्हणून पत्र पाठवलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, ज्यात गाडीत परस्पर फेरफार करायला मनाई आहे. रोख मुख्यतः चारचाकीच्या पुढच्या लोखंडावर होता. बाइकवाल्या कंपन्या तर स्वतःच शोरूममध्ये गार्ड विकतात. मला आजवर कुणी अडवलं नाही. हँडलच्या बाहेर फूटभर आलेला, वर चार फॉग लाइट लावलेला असेल तर मात्र अडवतील आणि बरोबर करतील.

फॉग लाइटवरून आठवलं, लावायचेच तर पाइपच्या आतल्या बाजूला, नाहीतर पडल्यावर पहिले तेच जातात. गार्डवर चढवायचे प्लास्टिकचे गोळे मिळतात ते घ्या, रबरचे नको. प्लास्टिक घसरतं, रबर रस्ता पकडतं.

तक्रार एकच, खालच्या बाकाला वेल्डजवळ पावडर कोटिंग सुटायला लागलंय आणि आतून गंज दिसतोय. दुकानदार म्हणाला पावसाची गाडी चालवता मग होणारच. पुण्यात पाऊस नसतो वाटतं याच्या दुकानात! दिवाळीनंतर काढून घासून प्रायमर मारणार आहे, तेव्हाच डावीकडचे बोल्टही नवे टाकीन, आणून ठेवलेत.