तालुक्याला रोजगार कशातून: मोठे बांधकाम की औद्योगिक वसाहत?

तालुक्यातील तरुणांसाठी शासनाकडे नेमके काय मागावे, मोठा बांधकाम प्रकल्प की औद्योगिक वसाहत, हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावापासून आमदारांना द्यायच्या निवेदनापर्यंत सतत उपस्थित होतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने ही दोन्ही रूपे जवळून पाहिली असल्यामुळे तुलनेसाठी तोच जिल्हा घेणे सोयीचे आहे.

बांधकामाचा मोठा गुण म्हणजे वेग. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुलाही झाला. असे काम सुरू होताच परिसरात पैसा फिरू लागतो. तो कोणाच्या हातात पडतो, हे मात्र तपासावे लागते. सेंट्रिंग आणि सळईबांधणीच्या कुशल टोळ्या बहुधा कंत्राटदाराबरोबर बाहेरूनच येतात, आणि स्थानिकांच्या वाट्याला डंपर, ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, मुरूम, खोल्यांचे भाडे, खानावळ आणि रखवाली येते. म्हणजे ज्याच्याकडे आधीच वाहन किंवा रस्त्याकडेची जागा आहे त्याची चंगळ होते आणि ज्याच्याकडे केवळ दोन हात आहेत तो बिगारीच राहतो. काम पुढच्या टप्प्याकडे सरकले की हौसेने घेतलेल्या डंपरचे हप्ते तेवढे गावात उरतात.

1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर निघालेल्या पाझर तलावांचा दाखला येथे अनेकदा दिला जातो, पण तो लागू पडत नाही. ती कामे माणसांच्या हातांना काम मिळावे म्हणूनच आखलेली होती. आजचा महामार्ग यंत्रांच्या हिशेबाने आखलेला असतो.

उद्योगाचा हिशेब उलटा आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने भोवती उभे राहिले. मुख्य कारखान्याच्या फाटकाआत मिळालेल्या नोकऱ्यांपेक्षा हा पसारा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण काही वर्षे यंत्रावर काम केलेला आयटीआयचा मुलगा पुढे एखाद्या शेडमध्ये दोन लेथ टाकून जॉबवर्क घेऊ शकतो आणि त्याच्याकडे आणखी चौघे लागतात. बांधकामातही गवंड्याचा ठेकेदार होतो. फक्त त्याला कामामागे फिरावे लागते.

मात्र उद्योगाला वेळ लागतो आणि हा वेळ निवेदनात कोणी लिहीत नाही. शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे 10,000 एकरांवर औद्योगिक नगरी आखली गेली आणि शेंद्र्याचे लोकार्पण सप्टेंबर 2019 मध्ये झाले. टोयोटा किर्लोस्करसारख्या मोठ्या वाहन कंपनीचा सामंजस्य करार मात्र जुलै 2024 मध्ये झाला. करारानंतरही इमारत, यंत्रे आणि भरती हे टप्पे उरतातच. शिवाय नवे कारखाने पूर्वीपेक्षा कमी माणसांवर चालतात, आणि 80 टक्के स्थानिकांना सामावून घेण्याचा शासनाचा दंडक कागदोपत्री पाळला गेला तरी त्यातले किती कायम आणि किती कंत्राटी, हे विचारावेच लागते.

म्हणून निर्णय तालुक्याच्या ठिकाणावर अवलंबून ठेवावा. चालती वसाहत तासाभराच्या अंतरावर असेल, तर स्वतःच्या बागायती जमिनीवर नव्या वसाहतीचा आग्रह धरू नये. त्याऐवजी पाळ्यांच्या वेळेला जुळणाऱ्या एसटीच्या फेऱ्या आणि त्या वसाहतीत खरोखर लागणारे आयटीआयचे अभ्यासक्रम मागावेत. हा खर्चही कमी आहे आणि जमीनही हातची जात नाही. जवळपास वसाहत नसेल आणि जमीन जिरायती असेल, तर वसाहत मागण्यात अर्थ आहे, पण भूखंड केवळ अडवून ठेवणाऱ्यांकडून ते परत घेण्याचा पाठपुरावा करण्याची तयारी हवी.

बांधकाम प्रकल्प आपल्याकडे येणारच असेल, तर त्याला विरोध किंवा स्वागत यापेक्षा त्याच्या अटी महत्त्वाच्या. त्यातली हजेरीची अट मी सर्वांत वर ठेवीन. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मजुराची हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीतच राहिली तर तो दाखला अडतो. बांधकाम खर्चावर या कामगारांच्या कल्याणासाठी उपकर जमा होतो, पण ज्याच्या नावाने तो जमा होतो त्याला नोंदणीअभावी त्यातून मुलांची शिष्यवृत्तीही मिळत नाही. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने कंत्राटदाराकडून दरमहा हजेरीची प्रत लेखी मागून घ्यावी आणि कुशल टोळ्यांच्या हाताखाली गावातील मुले शिकाऊ म्हणून घेण्याचे त्याच पत्रात नमूद करून घ्यावे.