जुन्या मॅचेसचं ॲप: प्लेयर सापडला, कोच गायब

तीन स्टार देतोय. चारवर बोट ठेवलं होतं, मग टांझानिया आठवलं आणि एक कमी केला, ते येईलच पुढे.

ॲपचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको. जुन्या फुटबॉल मॅचेस अख्ख्या दाखवणारं आहे, महिन्याला पैसे भरायचे आणि बघत बसायचं. मी घेतलं ते एकाच माणसासाठी, एमॅन्युएल अमुनिके, नायजेरियाचा डावीकडचा फॉरवर्ड. नायजेरियाचाच ओकोचा सगळ्यांना माहितीये, कानू माहितीये, आणि अमुनिके म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो, अरे बाबांनो १९९४ चा आफ्रिकेचा बेस्ट प्लेयर होता तो! तर ठरवलं की ह्याचं अख्खं करिअर ओळीने बघायचं, पोरगा असल्यापासून कोच होईपर्यंत, बघू ॲप किती साथ देतंय.

पहिली बोंब सर्चची. ह्याच्या आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेने लिहितात, अमुनिके आणि अमुनेके. एकाने शोधलं तर वर्ल्डकपच्या मॅचेस येतात, दुसऱ्याने शोधलं तर त्याचे भाऊ येतात (केविन आणि किंग्सली, दोघंही फुटबॉलर), आणि दोन्ही मिळून एक माणूस, एक घर आहे हे ॲपच्या गावीही नाही. अर्धा तास तिथेच गेला. शेवटी नाव सोडून मॅचच्या तारखेने शोधायला लागलो, तुम्हीही तेच करा.

सुरुवात केली ट्युनिसपासून, एप्रिल १९९४, आफ्रिकन कपची फायनल, नायजेरिया विरुद्ध झांबिया. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये झांबियाच्या टीमचं विमान गॅबॉनजवळ समुद्रात पडलं आणि जवळजवळ अख्खी टीम गेली, त्यांचा स्टार कालुशा ब्वाल्या हॉलंडमध्ये क्लबकडून खेळत होता म्हणून त्या विमानात नव्हता. वर्षाच्या आत नवी टीम उभी करून ही माणसं फायनलला आली. आणि झांबियाने गोल केला चौथ्या मिनिटाला! लगेच अमुनिकेने बरोबरी केली, मग हाफटाईमनंतर लगेच दुसरा गोल, २-१, कप नायजेरियाला. म्हणजे सगळं जग ज्यांच्या बाजूने होतं त्यांना ह्या एकट्याने हरवलं, असली मॅच जिंकून माणसाला झोप लागत असेल का काय माहीत.

आणि ॲपने काय करावं? व्हिडिओ सुरूच होतो सहाव्या मिनिटाला! १-१ असा स्कोअर कोपऱ्यात दिसतो आणि आपण विचार करतो की हे झालं कधी. दोन गोल गिळले राव. नव्वद मिनिटांतली कुठलीही पाच उडवली असती तर चाललं असतं, नेमकी हीच सापडली ह्यांना. खाली "संपूर्ण मॅच" लिहिलंय ते वेगळंच.

वर्ल्डकप १९९४ मात्र एक नंबर. प्रिंट स्वच्छ, आवाज नीट, स्टेडियमचा गोंगाट हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. बल्गेरियाविरुद्ध डॅलसला ३-० जिंकले, तिसरा गोल ह्याचा, हेडरने. ती बल्गेरिया पुढे सेमीफायनलला गेली हे लक्षात घ्या, म्हणजे समोर कोणी सोम्यागोम्या नव्हतं.

खरी गंमत बाद फेरीतल्या इटलीच्या मॅचला. ॲपमध्ये "थेट गोलवर जा" असं बटण आहे, लोक त्याचं फार कौतुक करतात, मला विचाराल तर ते बटण काढून टाकायला हवं. कारण दाबलं की पहिल्यांदा जातं २५ व्या मिनिटाला, कॉर्नर आला, इटलीच्या मालदिनीला लागून बॉल समोर पडला आणि अमुनिकेने गोलकीपरवरून अलगद आत टाकला. परत दाबलं की थेट ८८ वं मिनिट, इटलीच्या बॅजिओचा गोल. परत दाबलं, एक्स्ट्रा टाईम, बॅजिओची पेनल्टी, २-१, खेळ खलास. तीन वेळा बटण दाबलं की असं वाटतं बॅजिओ आला आणि जिंकून गेला. पण २५ ते ८८ ह्या मधल्या तासाभरात इटली घरी चालली होती हो! त्यांचा झोला मैदानात उतरला आणि दहा-बारा मिनिटांत रेड कार्ड घेऊन बाहेर, तेही त्याच्या वाढदिवशी. तो अख्खा तास बसून बघा, घड्याळाकडे बघत बघा, मग कळतं नायजेरिया किती जवळ होती. दोन मिनिटं राहिली होती फक्त.

मग १९९६ ची ऑलिम्पिक फायनल, समोर अर्जेंटिना. ही शोधताना मी रडकुंडीला आलो. मॅच झाली अथेन्सला, पण हे अथेन्स अमेरिकेतलं, जॉर्जिया राज्यातलं, अटलांटा ऑलिम्पिकच्या फुटबॉलची फायनल तिथल्या कॉलेजच्या स्टेडियमवर होती. ॲपने टाकलीये "ग्रीस" ह्या फोल्डरमध्ये, ग्रीसच्या लीग मॅचेसच्या मधोमध! तिथे कोण जाणार शोधायला? मी चुकून गेलो. असो, मॅच बघाच. अर्जेंटिना दोनदा पुढे गेली, नायजेरियाने दोनदा गाठलं, आणि ९० व्या मिनिटाला फ्रीकिक आली तेव्हा अर्जेंटिनाचा सगळा डिफेन्स ऑफसाइडसाठी पुढे पळाला, मागे अमुनिके मोकळा, बॉल जाळ्यात, ३-२. अर्जेंटिनावाले हात वर करून ओरडत राहिले. ऑलिम्पिक फुटबॉलचं गोल्ड मिळवणारा आफ्रिकेतला पहिला देश. हा शॉट मी सात-आठ वेळा मागे घेऊन बघितला आणि हो, मागे घेताना ॲप अडकत नाही, हे मान्य करायला पाहिजे, त्या बाबतीत भारीये.

इथून पुढे उतार. त्याच वर्षाच्या शेवटी तो स्पोर्टिंग लिस्बनकडून बार्सिलोनाला गेला आणि गुडघ्याने दगा दिला. १९९८ चा वर्ल्डकप हुकला, बार्सिलोनात मोजक्याच मॅचेस मिळाल्या. ॲपवर त्याच्या क्लबचं तर काहीच नाही, ना लिस्बनचं, ना त्याआधी कैरोत झमालेककडून खेळला त्याचं. हक्क नसतील, समजू शकतो, पण मग जाहिरातीत "संपूर्ण करिअर अनुभवा" कशाला लिहायचं?

आता कोच अमुनिके. २०१५, चिली, १७ वर्षांखालचा वर्ल्डकप, नायजेरियाच्या पोरांचा कोच हा. ह्याच्या सगळ्या मॅचेस आहेत, सातच्या सात, आणि माझ्या मते सबस्क्रिप्शनचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात. पोरांनी २३ गोल मारले, ऑस्ट्रेलियाला सहा, ब्राझीलला तीन, मधे क्रोएशियाशी हरलेसुद्धा, आणि फायनलला माली २-०. त्यातला एक पोरगा सातही मॅचमध्ये गोल मारतो, एकूण दहा, स्पर्धेचा रेकॉर्ड, नाव व्हिक्टर ओसिमेन. पुढे इटलीतल्या नापोली क्लबला लीग जिंकून दिली आणि २०२३ ला आफ्रिकेचा बेस्ट प्लेयर झाला तोच हा, म्हणजे गुरुजींना जो मान १९९४ ला मिळाला तोच शिष्याला २९ वर्षांनी.

पण कॅमेरा बॉलच्या मागे आणि बेंचवर काय चाललंय ते दिसतच नाही. फॉरवर्डचं काम गोलमध्ये दिसतं, कोचचं काम दिसायला लागतो वेळ. ओळीने सातही बघितल्या तेव्हा कुठे मला दिसायला लागलं, क्रोएशियाकडून मार खाल्ल्यावर ही टीम बाद फेरीत कशी वेगळी खेळायला लागली ते. त्यासाठी दोन रविवार गेले. घरच्यांना सांगितलं ऑफिसचं काम आहे.

आणि टांझानिया. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने ही टीम घेतली. कॅम्पला उशिरा आले म्हणून सिम्बा क्लबचे अर्धा डझन खेळाडू सुरुवातीलाच बाहेर काढले, बोंबाबोंब झाली. लेसोथोकडून हरले. सगळं संपलं असं वाटत असताना मार्च २०१९ ला दार एस सलामला युगांडाला ३-० हरवून आफ्रिकन कपला पात्र, ३९ वर्षांनी! आधीची वेळ १९८० ची, आणि तो कप भरला होता नायजेरियात. मला ही मॅच बघायची होती, सगळ्यात जास्त हीच. ॲपवर किती आहे? एक मिनिट चाळीस सेकंद. तीन गोल, नाचणारे लोक, संपलं. कोच एकदाही नाही.

नंतर इजिप्तला मुख्य स्पर्धेत तिन्ही मॅच हरले, सेनेगल, केनिया, अल्जिरिया, आणि महिना संपायच्या आत ह्याची सुट्टी. त्या तिन्ही हारलेल्या मॅचेस मात्र अख्ख्या टाकल्यात ह्यांनी! केनियाविरुद्ध दोनदा पुढे जाऊन ३-२ हरले ती बघवत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षांचं कुलूप उघडलं त्याचं उघडणं दीड मिनिट आणि हरणं साडेचार तास.

बाकी किरकोळ: टीव्हीवर लावलं तर सबटायटल अर्धं कापलं जातं, फोनवर ठीक. डाउनलोड करून ठेवलेली मॅच सात दिवसांनी आपोआप उडते. वर्षाचं पॅकेज घेऊ नका, एक महिना घ्या, वर्ल्डकप आणि चिली बघा, बंद करा.

ग्रीसच्या फोल्डरबद्दल सपोर्टला लिहिलं होतं, नकाशाचा फोटोसुद्धा जोडला. दोन दिवसांत उत्तर आलं, धन्यवाद, दुरुस्ती केली आहे. उघडून बघितलं तर आता मॅच २००४ च्या, ग्रीसमधल्या अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये टाकलीये.