ताणाचा टॉवर, स्वतःच्या पायावरचा टॉवर की आडवा पाडता येणारा: कुठला घ्यावा?

हॅम रेडिओसाठी (हौशी रेडिओसाठी) टॉवर उभा करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती उंच? मला वाटतं गाडी तिथेच चुकते. आधी हे ठरवा की पुढची पंधरा-वीस वर्षं वर काही बिघडलं तर तिथपर्यंत पोचणार कोण आणि कसं. उंचीचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. आडवी अँटेना जमिनीपासून किती वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) वर आहे यावर सिग्नल कुठल्या कोनात निघणार ते ठरतं. २० मीटर बँडची (म्हणजे साधारण २० मीटर वेव्हलेंग्थची) अँटेना १० मीटरवर लावली तर मुख्य लोब, म्हणजे सिग्नलचा सगळ्यात जोरदार झोत, साधारण ३० अंशावर जातो, तीच २० मीटरवर नेली तर १४-१५ अंशावर येतो आणि डीएक्स, म्हणजे लांबची स्टेशनं, मिळायला तोच कोन हवा असतो. त्याच्या अजून वर गेलात तर एका बँडपुरता फायदा हळूहळू कमी होत जातो पण काम आणि धोका दोन्ही वाढतच राहतात. ४० मीटर बँडची बीम (एका दिशेला रोखलेली अँटेना) चढवायची असेल तर मात्र हिशोब वेगळा.

आता ताणाचा टॉवर, म्हणजे गाय वायरवाला. बारीक त्रिकोणी लॅटिस (जाळीचा सांगाडा), तीन-तीन मीटरचे सेक्शन, जीन पोल (पुढचा सेक्शन वर खेचायला टॉवरलाच बांधलेला खांब) लावून एकावर एक चढवत जायचं. स्टील कमी लागतं कारण वाऱ्याचा आडवा जोर तारा घेतात आणि पायावर मुख्यतः खालचा दाब येतो, म्हणून काँक्रीटही कमी. कमी खर्चात उंची हवी असेल तर याला तोड नाही. पण जागा खातो. १२० अंशांवर तीन दिशांना अँकर, आणि ते उंचीच्या साधारण ८० टक्के अंतरावर, म्हणजे २० मीटरच्या टॉवरला तिन्ही बाजूंना १६-१६ मीटर मोकळे हवेत, आणि ज्या जागेत मुलं खेळतात किंवा गाडी वळते तिथे त्या तारा नकोतच.

आणि मेंटेनन्सचं खरं काम या तारांमध्येच आहे, लोक वर अँटेनाकडे बघत बसतात आणि खाली तार सैल होत असते. सुरुवातीचा ताण तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण १० टक्के ठेवतात, थंडी-उन्हाने तो बदलतो म्हणून वर्षातून निदान एकदा ताण मोजायचं गेज लावून बघा. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) कंपनाने उलगडतो, त्यातून सेफ्टी वायर ओवून घ्याच. तारेचं वळवलेलं टोक पकडणाऱ्या यू-बोल्टच्या क्लिपमध्ये सॅडल (खाचेचा भाग) भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, हे उलटं झालं तर भाराची तारच चेपते. माझ्या हातून एका अँकरवर हे झालं होतं, पुढच्या तपासणीत तार चपटी झालेली दिसली आणि पोटात गोळा आला, ती अख्खी तार बदलावी लागली, बदलताना आधी दुसरी तात्पुरती तार बांधून. अँकरचा रॉड जमिनीखाली गंजतो तो तर वरून दिसतच नाही, थोडं खणून बघायला हवं. शिवाय स्टीलची अखंड लांब तार एचएफवर (शॉर्टवेव्हच्या बँडवर) स्वतःच अँटेनासारखी वागते, म्हणून मध्ये अंडाकृती इन्सुलेटर टाकून तिचे तुकडे करतात किंवा अरामिडचा (वीज न वाहणाऱ्या मजबूत धाग्याचा) दोर वापरतात, पण त्यातही जमिनीजवळचा शेवटचा भाग स्टीलचाच ठेवायचा, म्हणजे कुणी सहज कापणार नाही आणि गवताला आग लागली तर जळणार नाही.

स्वतःच्या पायावर उभा राहणारा टॉवर जागा वाचवतो पण सगळा हिशोब जमिनीत पुरतो. वारा त्याला उलथवायला बघतो आणि ते सगळं पायाने पेलायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला छान उभा असलेला टॉवर १२० ला काय करेल ते अंदाजाने सांगता येत नाही, तिथे उत्पादकाचा चार्ट आणि इंजिनिअर दोन्ही लागतात. पाया मोठा, आत सळ्यांचा पिंजरा, आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात तेव्हा ओतलं आणि आठवड्यात टॉवर चढवला असं करू नका प्लीज. एकदा उभा राहिला की त्रास मात्र सगळ्यात कमी, बोल्ट, गंज आणि अर्थिंग बघितलं की झालं. पण वर चढावंच लागतं, आणि चढायचं तर पूर्ण बॉडी हार्नेस आणि दोन लॅनयार्ड (टॉवरला अडकवायचे दोर), एक सोडायच्या आधी दुसरा अडकवलेला. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका.

ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी आडवा पाडता येणारा किंवा क्रँक फिरवून सेक्शन एकात एक सरकवत खाली येणारा. अँटेना जमिनीजवळ येते, हातात पाना घेऊन शांतपणे काम करता येतं, वादळाचा इशारा आला की खाली घेता येतो (अर्थात घरी कुणीतरी असेल तर). पण याच्यात हलणारे भाग आले. टॉवर आडवा असताना उचलायला लागलं की विंचवर (केबल गुंडाळून टॉवर उचलणाऱ्या चरकावर) सगळ्यात जास्त भार येतो, केबलची एखादी जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला. क्रँकवाल्यावर वर केलेला असताना कधीही चढायचं नाही, केबल तुटली तर सेक्शन कात्रीसारखे खाली येतात. अजून एक, आडवा पाडायला टॉवरच्या लांबीएवढी मोकळी पट्टी हवी आणि बीमचे एलिमेंट (आडव्या नळ्या) जमिनीला टेकून वाकतात, त्याची सोय आधीच बघा.

काही गोष्टी तिघांनाही सारख्याच. गॅल्वनाइज्ड पायाला तांब्याची पट्टी थेट बांधू नका, झिंक खाल्लं जातं, मध्ये स्टेनलेसचा तुकडा घाला. स्टेनलेसच्या नट-बोल्टला अँटी-सीझ (ग्रीससारखा लेप) लावा नाहीतर ते जाम होतात. कोॲक्सचा (अँटेनाच्या केबलचा) जोड चिकटपट्टीने नीट सील करा आणि खाली ड्रिप लूप ठेवा, म्हणजे पाणी गळून जायला केबलचा खाली लोंबता वळसा. आणि टॉवर कुठल्याही दिशेने कोसळला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, जागा ठरवताना अँटेनाची लांबीही त्यात धरा.

माझं मत विचाराल तर जागा भरपूर आणि चढणारा भरवशाचा माणूस असेल तर ताणाचा, जागा कमी आणि एकच बीम कायमची लावायची असेल तर स्वतःच्या पायावरचा, आणि एकटे असाल किंवा गुडघे बोलायला लागले असतील तर १२-१५ मीटरचा आडवा पाडता येणारा घ्या, पाच मीटर उंची कमी झाली तरी चालेल. सेकंड हँड घेत असाल तर ताणाचे सेक्शन एकेक तपासून घेता येतात. पाइपच्या पायाचा टॉवर असेल तर पाय खालून आतून बघा, पाणी साचून गंज तिथूनच लागतो, हातोडीने ठोकून आवाज बद्द आला तर तो सेक्शन सोडून द्या. क्रँकवाला जुना असेल तर केबल आणि पुली नव्या टाकल्याशिवाय वर करूच नका.